मधला भाग

पहिला मी पाहिलाच नव्हता.
तो उर्वीनं तिच्या आईबरोबर पाहिला,
गेल्या डिसेंबरात, मस्कतच्या विमानाआधीच्या शनिवारी.
मी तेव्हा रायबंदरच्या धक्क्यावर दुसऱ्या पाळीला,
फेरीबोटीची लोखंडी फळी वर-खाली करत होतो.

यंदा सुलक्षाचा फोन आला.
दादा, दुसरा लागलाय, तिला ने.
मी म्हटलं, मला पहिल्यातलं काहीच ठाऊक नाही.
म्हणाली, तिला आहे.
मग जरा थांबून म्हणाली,
करार वर्षानं वाढवलाय त्यांनी.
तिला आत्ताच नको सांगू.

पणजीच्या त्या गारढोण काळोखात
अकरा वर्षांची पोर माझ्या कानाशी कुजबुजत राहिली.
ही मुकी. हिच्या पाठीवरचं दार आहे ना,
ते हिच्या जळलेल्या घराचं.
हा घोडेस्वार वाईट नाही हं मामा, नुसता तसा दिसतो.
आणि राजा?
राजा मेलाय. पण त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी पॉपकॉर्न खाल्लं.

खाली अक्षरं पळत होती.
एक ओळ लावेपर्यंत दुसरीच माणसं बोलू लागायची,
म्हणून वाचणं सोडलं आणि दाराकडे बघत बसलो.
सागाचं नव्हे, फणसाचं वाटलं मला.
कडी गंजलेली, एक बिजागरी लोंबणारी.
बर्फातनं, राखेतनं, हाडांच्या रानातनं
ती ते वाहत होती. तीन तास.
कुठल्या भिंतीला लावायचं, तिलाही माहीत नसावं.
एकदा गारा पडल्या तेव्हा दार आडवं टाकून
ती त्याच्याखाली शिरली आणि झोपली.
सबंध थिएटर गप्प.
मागच्या रांगेत एक तान्हं तेवढं रडलं,
बापानं त्याला बाहेर नेलं.

मग लढाई. मोठी लढाई.
हत्तीएवढे खेकडे चालून आले,
आणि खाऱ्या पाण्यावर बावीस वर्षं काढलेला मी
खुर्चीत पाय वर घेऊन बसलो.
उर्वी हसली नाही.
तिनं माझी बाही धरली होती.

शेवटी एक नदी आली.
अलीकडे धूर, पलीकडे बारीकसा उजेड.
मुकीनं दार पाण्यात सोडलं, त्यावर बसली,
आणि ऐन मध्यावर
(मी मनात ओरडतोय, ओहोटी आहे गे, डावीकडे धर, डावीकडे)
पडदा काळा झाला.
नावं वर चढू लागली.

संपला?
संपला नाही मामा. थांबला.
मग ती पोचते का?
मागीर, उर्वी म्हणाली. पुढच्या डिसेंबरात.
आई असेलच तेव्हा.
हे ती रिकाम्या डब्याच्या तळाशी बोट फिरवत म्हणाली,
मीठ चाटत.

बाहेर गाड्यावर रोस-ऑम्लेट खाल्लं. तिला तिखट लागलं.
बसमध्ये तिनं मला पहिला भाग पुन्हा सांगितला,
अर्धाच, कारण रायबंदर आलं.

शेवटून दुसरी फेरी. फळीवर कायतान होता.
आज प्रवासी काय रे, म्हणाला, आणि पोरीला हात दिला.
चोडणचे दिवे पलीकडे,
कांदळांच्या मागे थोडे लपलेले.
मध्यावर आल्यावर उर्वीनं विचारलं,
ही कधी मधेच बंद पडलीय?

एकदा. इंजीन गेलं होतं. पाऊण तास.

मग लोकांनी काय केलं?

काय करणार. बसले.
एकाजवळ फणस होता, तो फोडला.
हाताला चीक लागला म्हणून सगळे एकमेकांवर करवादले.

आणि मग?

मी पाण्याकडे पाहिलं.
भरती लागली होती, बोट किंचित तिरकी चालली होती.
सांगायला तोंड उघडलं, ते तिनंही पाहिलं.

मागीर, मी म्हटलं.

ती काही बोलली नाही.
तिनं माझी बाही पुन्हा धरली, या वेळी खेकडे नसताना.
कायताननं साखळी सैल केली.
फळी टेकायच्या आधीच
स्कूटरवाल्यांनी इंजिनं सुरू केली होती,
रोजच्यासारखी.